पडली कैरी, झाली चटणी!

वळवाचा एक पाऊस आणि अंगणभर कैऱ्या. विकायला नेल्या तर भाव नाही, फेकायच्या तर जीव होत नाही. मग काय करायचं? गूळ, मिरची, मेथी आणि थोडं केमिस्ट्री!

मे महिन्यात फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. सोबत फोटो. पडवीत पसरलेल्या कैऱ्या, बाजूला बादली, बादलीतही कैऱ्या. खाली लिहिलेलं असतं, ‘रात्री वारा सुटला. कोणाला हव्यात का? फुकट.’ मग चार अंगठे, दोन ‘वाह!’, एका काकांचं ‘आमच्या लहानपणी...’ आणि विषय संपला. न्यायला कोणीच येत नाही. कारण ज्याच्याकडे हा मेसेज जातो, त्याच्याही अंगणात तोच वारा सुटलेला असतो.

जास्तीच्या फळाची खरी गोची हीच. ते सगळ्यांकडे एकाच वेळी जास्त होतं. मेमध्ये कैरी, हिवाळ्यात पेरू, आणि मंडईत भाव कोसळला की टोमॅटो. हो, टोमॅटोही शास्त्रानं फळच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाशिककडच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते. आणि २०२३ च्या जुलैमध्ये तोच टोमॅटो किलोला शंभरीपार गेला. तेव्हा आपण सगळ्यांनी त्यावर मीम्स फॉरवर्ड केले. टोमॅटो तोच. मधल्या काळात तो कोणाला साठवता आला नाही, एवढाच काय तो फरक.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. घरातली चटणी काही ट्रकभर टोमॅटो वाचवत नाही. दोन टन मालाचा प्रश्न कढईत सुटत नसतो, त्याला कोल्ड स्टोरेज लागतं, कारखाना लागतो, रस्ता लागतो. ‘शेतकऱ्यांनी प्रक्रिया उद्योग करावा’ असं भाषणात सांगणं सोपं असतं, म्हणून सगळे सांगतात. पण दोन बादल्या कैरीचा प्रश्न मात्र कढईत सुटतो. आणि सुट्टीत घरी आलेल्या, सकाळी दहाला उठणाऱ्या, ‘बोअर होतंय’चं स्टेटस टाकणाऱ्या माणसाच्या हातून सुटू शकतो.

पडलेली कैरी म्हणजे बिचारी कैरी

कोकणात हापूस काढतात तो झेल्यानं. लांब काठी, टोकाला जाळी, फळ देठासकट अलगद जाळीत. जमिनीला टेकलेलं फळ पेटीत जात नाही, कारण मार लागलेली जागा आधी काळी पडते आणि मग सडते. तयार आंबा डागी असला तर निदान कॅनिंगला तरी जातो. वाऱ्यानं पडलेली कोवळी कैरी मात्र मधल्या मध्ये अडकते. ती पिकणार नाही आणि पेटीतही बसणार नाही. लोणच्याला जाते ती थोडी. एका रात्रीत सगळ्या गावाच्या कैऱ्या पडल्या असतील, तर सकाळी भाव विचारायचीच सोय नसते.

आणि वारा काही दरवर्षी बेताचाच सुटतो असं नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं रायगडपासून दापोली-मंडणगडापर्यंत झाडंच्या झाडं आडवी केली. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आलं. हापूसचा शेवटचा तोडा झाडावर असतानाच आलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागांत आंब्याचा सडा पडला. अशा वेळी चटणीबद्दल बोलणं म्हणजे चेष्टा वाटेल, आणि ती चेष्टाच आहे. पण वादळ नसलेल्या वर्षीही दर दोन-चार दिवसांनी टोपलीभर कैरी पडतच असते. आपली चटणी त्या कैरीची.

आपल्याकडे हे नवीन आहे का? अजिबात नाही. कैरीचा मेथांबा आहे, टक्कू आहे, रानातल्या करवंदांची चटणी आहे, महाशिवरात्रीच्या सुमाराला कवठाची गूळ-तिखट घातलेली चटणी आहे. गोव्यात कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालून वर्षभर ठेवतात. ज्या त्या गावानं आपापल्या जास्तीच्या फळाचा बंदोबस्त कधीच करून ठेवलाय. गंमत म्हणजे इंग्रज आपला ‘चटणी’ हा शब्द घेऊन गेले आणि तिकडे त्याचा अर्थच बदलला. आपली चटणी बहुतेक वेळा ताजी, वाटलेली, आजची आजच संपवायची. त्यांची चटणी म्हणजे शिजवून बाटलीत भरलेली. तिकडे परसातली सफरचंदं आणि न पिकलेले हिरवे टोमॅटो उरले की व्हिनेगर, साखर, बेदाणे घालून शिजवतात आणि त्याला चटणी म्हणतात. ‘मेजर ग्रे’ नावाची आंब्याची चटणी तर अजून विकली जाते. हा मेजर बहुधा दंतकथेतलाच. पण त्यांची ती चटणी आणि आपल्या आजीचा मेथांबा शेजारी ठेवले, तर दोघांचं डोकं एकाच दिशेनं चाललेलं दिसतं. आंबट फळ, भरपूर गोड, मीठ, मसाला आणि आच.

चला, कढई घ्या

कढई कोणती, हे आधी. स्टीलची, जाड बुडाची. अॅल्युमिनियमची नको, कल्हई गेलेलं पितळ तर नकोच नको. कैरीचं आम्ल धातूला लागतं आणि ते चवीला कळतंही. हॉस्टेलवाल्यांनी इंडक्शनवर चालणारं स्टीलचं पातेलं घ्यावं. इंडक्शन वापरायची परवानगी आहे का, हे वॉर्डनला विचारूनच घ्यावं, कारण मिरचीची फोडणी लपून करता येत नाही. अख्खा मजला खोकतो.

कैऱ्या निवडताना थोडं कठोर व्हा. आपटून फुटलेली चालेल, मार लागलेला भाग सढळ हातानं कापून टाका. पण बुरशी धरलेली, आतून काळी पडलेली, वास येणारी कैरी अख्खी बाहेर. ‘एवढीशीच तर आहे’ म्हणून ती टोपलीत परत टाकणारी माणसं प्रत्येक घरात असतात. त्यांच्याकडे लक्ष ठेवा. निवडलेल्या कैऱ्यांचा देठ कापून तासभर पाण्यात ठेवा, म्हणजे चीक निघून जातो. हा चीक काहींच्या कातडीला चांगलाच भाजतो, तेव्हा तोच हात डोळ्याला लावू नका. मग धुवा, कोरड्या करा, सोला आणि लहान फोडी करा. बाठ न धरलेली कैरी असेल तर काम झटपट होतं. बाठ धरली असेल तर विळी घ्या, ती वापरता येणारं माणूसही घ्या.

अडीच किलोच्या आसपास अख्ख्या कैऱ्यांतून साल, बाठ आणि मार लागलेला भाग वजा जाता साधारण दीड ते पावणेदोन किलो फोडी मिळतात. आपण हिशोब एक किलो फोडींचा धरू. त्याला गूळ सहाशे ग्रॅम, मीठ दोन मोठे चमचे, तिखट दोन मोठे चमचे, सुक्या लाल मिरच्या सहा-सात, दोन इंच आलं किसून, मेथीदाणे आणि मोहरी एकेक लहान चमचा, हळद तेवढीच, हिंग अर्धा चमचा, तेल अर्धी वाटी. गूळ कमी करायचा मोह होईल. ‘हेल्दी’ करायचंय ना सगळ्यांना! करा कमी, पण मग ती चटणी फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायची. गूळ इथे नुसता गोडीला नाहीये, का ते पुढे सांगते.

तेल तापलं की मोहरी. ती तडतडली की आच कमी करून मेथी. मेथी लालसर व्हायला हवी, काळी झाली की सगळी चटणी कडू. मग हिंग, हळद, सुक्या मिरच्या, आलं आणि लगेच फोडी. वरून झाकण. पाणी घालायचं नाही, कैरीचंच पुरतं. आठ-दहा मिनिटांत फोड बोटानं दाबली की दबते. तेव्हाच गूळ घालायचा, आधी नाही. ही गोष्ट जुन्या बायका न चुकता पाळतात आणि कारण विचारलं तर ‘असंच असतं’ म्हणतात. कारण आहे. साखर किंवा गूळ आधी घातला की तो फोडीतलं पाणी ओढून घेतो, फोड आकसून घट्ट होते आणि मग तासभर शिजवली तरी मऊ पडत नाही.

गूळ विरघळला की मीठ आणि तिखट घाला. तिखटाची पूड तेलात टाकली तर जळते, रसात टाकली तर रंग धरते. आता झाकण काढून मंद आचेवर आटवत बसायचं. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं, मध्ये मध्ये ढवळत. हा गूळ बुडाला लागला की सुटत नाही, म्हणून इथे रील बघत उभं राहू नका. उलथनं कढईच्या तळातून ओढलं आणि मागे रेघ क्षणभर तशीच राहिली, की गॅस बंद. अजून पातळ वाटेल. वाटू दे. कैरीत पेक्टिन भरपूर असतं, गार झाल्यावर चटणी आपोआप आळते.

तिखट कमी-जास्त करायचं असेल तर कढईतली गरम चटणी चाटून ठरवू नका, जीभ पोळेल आणि फसेलही. तोंडातल्या ज्या ग्राहकाला मिरचीतलं कॅप्सेसिन जागं करतं, तोच ग्राहक उष्णतेनंही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञानं कॅप्सेसिन वापरूनच तो शोधला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना अर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. म्हणजे गरम चटणी आहे त्याहून तिखट लागते, हे आता नोबेलच्या दर्जाचं ज्ञान आहे. चमचाभर चटणी बशीत काढा, गार होऊ द्या, मग चाखा. जास्त झालंच तर पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दही खा.

मिरची कुठली, यावर घराघरात वाद आहेत. ब्याडगीनं रंग येतो, तिखटपणा बेताचा. लवंगी घातली तर रंग कमी, पण डोळ्यांतून पाणी. माझं मत, तिखटाची पूड ब्याडगीची आणि फोडणीतल्या अख्ख्या मिरच्या लवंगी. मित्रमंडळींपैकी ज्याला हिंमत दाखवायची असेल त्यानं ती अख्खी मिरची चावावी.

बाटलीत काय चाललंय?

चटणी टिकते ती आजीच्या हाताच्या गुणामुळे, असं म्हणायला छान वाटतं. हात तर आहेच, पण त्यामागे आम्ल आहे, मीठ आहे, गूळ आहे आणि आच आहे. गूळ आणि मीठ पाणी धरून ठेवतात, जंतूंच्या वाट्याला ते उरत नाही. उकळीनं बरेचसे जंतू मरतात. पण सगळ्यात मोठा पहारेकरी आम्ल. बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारा जंतू पीएच ४.६ च्या खाली वाढू शकत नाही. कैरीचा पीएच त्याच्या खूपच खाली असतो. म्हणून कैरी ही शिकाऊ माणसासाठी सगळ्यात दयाळू फळ आहे.

सगळी फळं अशी दयाळू नसतात. अननस चालतो, तो चांगलाच आंबट. पिकलेला पेरू बहुतेक वेळा सीमेच्या अलीकडे असतो, पण झाडागणिक फरक, म्हणून किलोला दोन-तीन लिंबं पिळायचीच. शिवाय बिया. पेरू शिजवून चाळणीतून काढा, नाहीतर एकेकाच्या दाताखाली खडा. पपई दिसते गरीब, पण तिच्यात आम्ल जवळजवळ नाहीच. पपईची चटणी करायची तर किलोला पाव लिटरभर व्हिनेगर हवं, आणि तरीही ती फ्रिजमध्येच ठेवून महिनाभरात संपवायची. चिकूच्या वाटेला जाऊ नका. तो मिल्कशेकसाठी जन्मलाय, त्याला तिथेच सुखानं राहू द्या.

बीएस्सीवाल्यांना इथे पीएच पेपर आठवला असेल. कल्पना चांगली, पण हळद-तिखटाची चटणी त्या पट्टीवर आधी स्वतःचाच रंग चढवते, मग वाचणार काय? शिवाय हळद स्वतःच इंडिकेटर आहे, साबण लागला की लाल होते. त्यापेक्षा कॉलेजच्या लॅबमध्ये पीएच मीटर असेल तर सरांना विचारा. विचारायला काय जातंय? मोजून झालेला नमुना मात्र खायचा नाही.

बाटल्या काचेच्या. धुऊन दहा मिनिटं पाण्यात उकळा, झाकणंही. पूर्ण कोरड्या करा, चटणी गरम असतानाच भरा, वर बोटभर जागा सोडा, झाकण घट्ट लावा. आणि तारीख लिहा. तारीख न लिहिलेली बाटली म्हणजे घरातला वाद, ‘ही गेल्या वर्षीची की त्याच्या आधीची?’ आठ दिवस उघडू नका. ताजी चटणी आंबट-गोड-तिखट असं तीन तोंडांनी बोलते, आठवड्यानं एका सुरात येते. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची आणि चमचा कोरडा. माझ्या एका रूममेटनं गावाहून आणलेल्या बाटलीत तिसऱ्याच दिवशी कोणीतरी वरणाचा चमचा बुडवला. आठवड्यानं तिला फेस आला होता. फेस आला, झाकण फुगलं, बुरशी दिसली की बाटली अख्खी टाकायची. वरची बुरशी काढून खालचं खाणं बंद करा. ती दिसते वर, पण डोळ्याला दिसत नाही तिथवर पोचलेली असते.

आता हिशोब

आमच्या गावच्या किराणा दुकानाच्या भावानं एका किलो फोडींना गूळ, तेल, मसाला, गॅस मिळून साधारण शंभर रुपये लागतात. चटणी होते सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे पाव किलोच्या पाच बाटल्या. काचेची बाटली वीस रुपयांची धरा. झाले दोनशे, बाटलीमागे चाळीस. कैरी फुकट, म्हणून इथे सगळे खूश होतात आणि वही मिटतात.

वही मिटू नका, अजून एक ओळ राहिलीय. धुणं, सोलणं, चिरणं, ढवळणं, बाटल्या उकळणं यात एका माणसाचे दोन तास सहज जातात. ताशी शंभर रुपये धरले तरी बाटलीमागे आणखी चाळीस. ही ओळ आपल्याकडे कधीच लिहिली जात नाही, कारण ते माणूस बहुतेक वेळा आई असते. मग एखादी मुलगी धीर करून कॉलेजच्या ग्रुपवर टाकते, ‘आईच्या हातची कैरीची चटणी, पाव किलो दीडशे.’ आणि लगेच कोणीतरी विचारतं, ‘एवढे? घरचीच तर आहे!’ हाच माणूस दोनशेची कॉफी पिताना एक प्रश्न विचारत नाही. ऐंशी रुपये तर घरातच लागले. त्यावर लेबल, कुरिअर, वाटेत फुटलेली बाटली, उधार नेऊन विसरलेले मित्र. उरतात किती?

विकायचंच असेल तर दोन गोष्टी नक्की करा. घरगुती असलं तरी खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. आणि लेबलवर घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायची ते आणि नोंदणी क्रमांक लिहायचा. पहिल्याच वर्षी शंभर बाटल्यांची स्वप्नं नकोत. वीस करा, वीस माणसांना द्या, महिन्यानं विचारा कशी राहिली.

आणि मुलांनो, म्हणजे खास मुलग्यांनो, दोन तासांची ती ओळ वाचलीत ना? विळीवर बसता येत नसेल तर सुरी घ्या. ढवळायला तर काहीच शिकावं लागत नाही. ‘मी बाटल्यांची झाकणं लावतो’ हे काम नाही, ते फोटो काढण्यासाठी असतं.

सगळं झाल्यावर ओट्यावर बाठांचा ढीग उरतो, अंगाला बराच गर चिकटलेल्या. त्या टाकू नका. संध्याकाळच्या आमटीत उकळायला सोडा आणि त्या दिवशी आमटीत चिंच घालू नका.